राजाराम कॉलेजचा मल्ल आणि प्राचार्यांचे घर

१९५२ साली कोल्हापुरातल्या एका शिक्षकाने आपले राहते घर गहाण टाकले. घरात लग्नकार्य नव्हते, आजारपण नव्हते, धंद्यात खोट आलेली नव्हती. सात हजार रुपये उभे करायचे होते, ते एका माजी विद्यार्थ्याला फिनलंडला पाठवण्यासाठी. हे शिक्षक म्हणजे राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर, आणि तो विद्यार्थी खाशाबा दादासाहेब जाधव. त्या जुलैत हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये खाशाबांनी कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारतातल्या एका खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवलेले ते पहिले ऑलिम्पिक पदक. दुसरे यायला ४४ वर्षे लागली.

ही गोष्ट महाराष्ट्रात अनेकांनी ऐकलेली आहे. पण बहुधा ती एका पैलवानाच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. ती एका कॉलेजचीही आहे, आणि ज्या चार वर्षांत राजांचा आश्रय संपला, पण लोकशाही सरकारचा आधार अजून उभा राहिला नव्हता, त्या चार वर्षांचीही आहे. शिक्षकाला घर का गहाण टाकावे लागले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

लाल मातीचे संस्थान

कोल्हापूरला कुस्तीचे माहेरघर केले ते राजर्षी शाहू महाराजांनी. १८९४ साली राज्यकारभार हाती आल्यापासून १९२२ साली निधन होईपर्यंत त्यांनी तालमींना जागा दिल्या, पैलवानांना खुराक लावून दिला आणि पंजाबपासूनच्या नामांकित मल्लांना दरबारी आश्रय दिला. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली ते विलायतेला गेले, तेव्हा वाटेत रोममध्ये त्यांनी प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार पाहिले. तसेच काही आपल्या गावात असावे, या इच्छेतून खासबागचे कुस्ती मैदान उभे राहिले. ते १९१२ साली पुरे झाले. मधोमध मातीचा हौदा, भोवती चढत जाणारी बैठक. हजारो माणसांना कुस्ती कुठूनही नीट दिसावी, अशी ती रचना आजही वापरात आहे.

या परंपरेचे जागतिक स्पर्धेशी नाते फार लवकर जुळले होते. १९२० साली अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा जो छोटा संघ गेला, त्यात कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मराठी मल्ल होते. शिंदे आपल्या वजनगटात चौथे आले. पदक एका पायरीवरून हुकले, आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ त्या पायरीपर्यंतही कोणी पोचले नाही.

याचे कारण खेळाच्या रीतीत होते. तालमीतली कुस्ती मातीवरची. हौद्यात ताक, तेल, हळद घालून मळलेली लाल माती. कुस्ती निकाली, म्हणजे समोरच्याची पाठ मातीला लागेपर्यंत चालायची. त्याला दहा मिनिटे लागोत की तास लागो. ऑलिम्पिकची कुस्ती गादीवरची. तिथे घड्याळ चालते, गुण मोजले जातात, वजनाचे गट काटेकोर असतात. मातीत पाय रुतवून जोर लावणाऱ्या मल्लाला गादीवर पायच ठरेनासे होतात. आपल्या पैलवानांकडे ताकद होती, डाव होते, दम होता. त्या रीतीचा सराव मात्र कुणाकडेच नव्हता.

गोळेश्वरचा मुलगा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलांतले हे सर्वांत धाकटे. घरात आखाडा, गावात आखाडा, त्यामुळे पाचव्या वर्षापासून अंगाला माती लागली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना घडवले. अंगकाठी लहान, पण हालचाल विजेसारखी. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान कवळीत घ्यायची आणि कमरेच्या झटक्याने त्याला उलटा टाकायचा. या डावात उंची-वजनापेक्षा वेळ साधण्याला महत्त्व असते, आणि ती वेळ खाशाबांना अचूक कळायची.

ही वर्षे सातारा जिल्ह्यात धामधुमीची होती. १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच मुलखात उभे राहिले. शाळकरी खाशाबांनी भूमिगतांना आसरा देण्याची, पत्रके पोचवण्याची कामे केली. १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा फडकला, तेव्हा तो ऑलिम्पिकमध्ये फडकवायचा निश्चय त्यांनी केला, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. मॅट्रिक झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले.

एक परवानगी

राजाराम कॉलेज हे दक्षिण महाराष्ट्रातले मानाचे विद्यापीठच म्हणावे असे ठिकाण. युरोपच्या प्रवासात १८७० साली फ्लॉरेन्स येथे वारलेल्या तरुण राजाराम महाराजांच्या नावाने ते १८८० साली सुरू झाले. गोपाळ कृष्ण गोखले इथे शिकले, यशवंतराव चव्हाण इथे शिकले, ना. सी. फडके इथे शिकवीत. बहुजन समाजातल्या मुलांसाठी शाहू महाराजांनी काढलेल्या वसतिगृहांमुळे खेड्यापाड्यांतली मुले कोल्हापुरात राहून या कॉलेजपर्यंत पोचू शकत. खाशाबांसारख्या शेतकऱ्याच्या मुलाला ही वाट आधीच्या पिढीने तयार करून ठेवली होती.

कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत कुस्तीसाठी नाव द्यायला खाशाबा क्रीडाशिक्षकांकडे गेले. त्यांची किरकोळ देहयष्टी पाहून शिक्षकांनी नाव घ्यायला नकार दिला. ती अडवणूक नव्हती, काळजी होती. कॉलेजात धिप्पाड मल्ल होते, त्यांच्यापुढे या पोराचा हातपाय मोडेल अशी ती भीती. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. खर्डेकरांनी मुलाचे म्हणणे ऐकून घेतले आणि खेळू द्या म्हणून सांगितले. आपल्याहून थोराड गड्यांना खाशाबांनी त्या स्पर्धेत एकामागून एक अस्मान दाखवले. त्यानंतर त्यांच्या अंगकाठीचा विषय कॉलेजात निघाला नाही. कॉलेजचे गोविंद पुरंदरे त्यांचे मार्गदर्शक झाले, आणि वर्गात अभ्यास व आखाड्यात मेहनत असा क्रम सुरू झाला.

अमेरिकेत याच काळात कॉलेजचा प्रशिक्षक हे एक भक्कम पद झालेले होते. बास्केटबॉल हा खेळच १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने, जेम्स नेस्मिथने, विद्यार्थ्यांसाठी शोधून काढला होता. पुढे तो कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचा पहिला प्रशिक्षकही झाला. तिथल्या विद्यापीठांनी मैदाने, दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि पगारी प्रशिक्षक यांची घडी बसवली आणि त्यांचे ऑलिम्पिक खेळाडू या घडीतून येऊ लागले. भारतातल्या कॉलेजात असे काही नव्हते. एखादा मनापासून झटणारा शिक्षक आणि एखादा ऐकून घेणारा प्राचार्य, एवढ्यावरच विद्यार्थ्याचे नशीब ठरे. राजाराम कॉलेजात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या.

लंडन, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. शाहूंनी घालून दिलेली रीत संस्थानाच्या अखेरच्या वर्षातही चालू होती.

लंडनमध्ये अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये खाशाबा पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने गादीवर उतरले. संघाबरोबर रीस गार्डनर हे अमेरिकी प्रशिक्षक होते. स्वतः नावाजलेले मल्ल. गादीवर पाय कसे टाकायचे, गुण कसे राखायचे, घड्याळाकडे लक्ष ठेवून कुस्ती कशी करायची, हे त्यांनी थोड्या दिवसांत जमेल तेवढे शिकवले. खाशाबा फ्लायवेट म्हणजे ५२ किलोच्या गटात खेळले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांत चीत केले, अमेरिकेच्या बिली जेर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीने त्यांची घोडदौड रोखली आणि ते सहावे आले.

सहावा क्रमांक कागदावर छोटा दिसतो. पण ज्याने उभी हयात मातीत काढली, ज्याला नियम तिथे गेल्यावर समजले, त्याने जगातल्या पहिल्या सहांत यावे, यातून खाशाबांना स्वतःलाच उत्तर मिळाले. ताकदीत आणि डावांत आपण कमी नाही. उणीव आहे ती सरावाची, आणि ती भरून काढता येते. परत आल्यावर त्यांनी मेहनत वाढवली, वजन वाढवून बॅन्टमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात जायचे ठरवले, आणि नजर हेलसिंकीवर लावली.

राजाश्रय संपला

मधल्या काळात त्यांच्या पायाखालचा आधारच बदलला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. जनतेच्या दृष्टीने ती योग्य आणि आवश्यक घटना होती. पण खेळाडूंचा खर्च उचलणारा खजिना त्यासोबत गेला. नव्या सरकारपुढे फाळणीचे निर्वासित, अन्नटंचाई, शाळा, रस्ते अशी कामे ओळीने उभी होती. एका पैलवानाला युरोपात पाठवणे त्या यादीत कुठेच नव्हते. खेळाडूंसाठी निधी, शिबिरे, शासकीय प्रशिक्षक यांची कल्पना अजून रुजायची होती.

निवडीतही अडथळा आला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला आणि त्यामुळे संघाबाहेर ठेवले गेले, असे खाशाबांचे म्हणणे होते. ते गप्प बसले नाहीत. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष, पटियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह यांच्याकडे त्यांनी दाद मागितली. महाराज स्वतः खेळाडू होते. त्यांनी पुन्हा चाचणी कुस्ती लावली, आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीतपट करून आपली जागा परत मिळवली. ज्या निकाली कुस्तीत ते वाढले होते, तिनेच इथे त्यांना न्याय दिला. पाठ टेकली की गुणांचा वाद उरत नाही.

निवड झाली, पण जाण्यायेण्याचे पैसे नव्हते. खाशाबा दारोदार फिरले. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी पट्टी काढली. कुणी रोख रक्कम दिली, दुकानदारांनी प्रवासाला लागणाऱ्या वस्तू दिल्या. सरकारकडे केलेल्या विनंत्यांतून वेळेवर फारसे हाती आले नाही, असे त्यांचे कुटुंबीय पुढे सांगत राहिले. मोठा आकडा शिल्लकच होता. तो खर्डेकरांनी घर गहाण ठेवून भरला.

खर्डेकर हे काही एकांतात पुस्तके वाचणारे प्राध्यापक नव्हते. ते संविधान सभेत कोल्हापूरचे प्रतिनिधी होते आणि तिथल्या चर्चेत बोलले होते. १९५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत कोल्हापूर-सातारा मतदारसंघातून ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. म्हणजे देशाची घटना घडताना जो माणूस हजर होता, त्यानेच नव्या राज्यव्यवस्थेत राहिलेली एक जागा स्वतःच्या घराने भरून काढली. त्या पैशाची परतफेड होईल याची कसलीच हमी नव्हती. पैलवान जखमी होऊन पहिल्या फेरीत परतला असता तरी कर्ज कर्जच राहिले असते.

हेलसिंकी

जुलै १९५२. हेलसिंकीच्या मेसुहाली सभागृहात कुस्त्या लागल्या. भारताच्या कुस्ती संघात खाशाबांसोबत केशव माणगावे हे दुसरे मराठी मल्लही होते.

पहिल्या कुस्तीत खाशाबांनी कॅनडाच्या आद्रियाँ पोलिक्वँला चीत केले, दुसरीत मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झशी लढत चुरशीची झाली, ती गुणांवर जिंकली. आता पदक दिसू लागले होते. पुढे गाठ पडली ती दोघांशी, सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव्ह आणि जपानचा शोहाची इशी. दोन्ही कुस्त्या खाशाबा हरले. इशी सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि मामेदबेयोव्ह रौप्याचा. २३ जुलैला खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडले.

दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाप्रमाणे किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती खाशाबांना मिळाली नाही आणि ती मागण्यासाठी भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता, असे त्यांच्या चरित्रात आहे. एक कुस्ती संपवून घामाने निथळत ते दुसरीला उभे राहिले. कोणी नियमपुस्तक दाखवून पंचांशी बोलले असते तर पदकाचा रंग बदलला असता का, हे सांगता येणार नाही. पण खेळाडूबरोबर जाणकार प्रशिक्षक असणे म्हणजे काय, हे त्या अर्ध्या तासाइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने दिसत नाही.

माणगावे आपल्या गटात चौथे आले. अँटवर्पला रणधीर शिंदे जिथे थांबले होते, त्याच पायरीवर. दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघाने हॉलंडला ६-१ ने हरवून सुवर्णपदक जिंकले. बलबीरसिंगांनी एकट्याने पाच गोल केले. देशभर हॉकीचा जयजयकार झाला, आणि कुस्तीतले कांस्य त्या सोन्याच्या झळाळीत दिल्ली-मुंबईच्या नजरेआड राहिले.

मिरवणूक आणि परतफेड

कराड-कोल्हापूरच्या मुलखाला मात्र काय घडले ते नेमके कळले होते. कराडला खाशाबांच्या स्वागताला शंभरावर बैलगाड्या आल्या. ढोल, लेझीम, फटाके यांच्या गजरात त्यांना गोळेश्वरला नेले. एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी सात तास लागले, असे त्यांचे नातलग सांगत. गावाने पट्टी काढून माणूस पाठवला होता, त्यामुळे ते पदक गावाला स्वतःचेच वाटले.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिले काम कोणते केले, तर कर्ज फेडण्याचे. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्या ठरवल्या, स्वतः आखाड्यात उतरले आणि जमलेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले. गुरूने मागितले नव्हते, शिष्याने ठेवले नाही. या व्यवहारात दोघांचाही मोठेपणा सारखाच आहे.

पुढचे आयुष्य सरळ गेले नाही. नोकरी मिळायला तीन वर्षे लागली. १९५५ साली ते पोलीस उपनिरीक्षक झाले. खात्यात त्यांनी स्पर्धा जिंकल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम केले, तरुण पोलिसांना घडवले. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या मशालयात्रेत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत एकही पद्म किताब त्यांना मिळाला नाही. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार, दोन्ही मरणोत्तर. दिल्लीतल्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत कुस्त्या झाल्या त्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

काय साधले, काय राहिले

हेलसिंकीच्या पदकाने कोल्हापूरची कुस्ती गाजत राहिली. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६४ साली गणपतराव आंदळकर टोकियो ऑलिम्पिकला गेले. पण पदकातून जो धडा घ्यायचा होता तो घेतला गेला नाही. गादी तालमीत फार उशिरा आली. कॉलेजांना प्रशिक्षक मिळाले नाहीत. इनाम आणि गर्दी मातीच्या मैदानावर होती, त्यामुळे पैलवानही तिथेच राहिले. कुस्तीतले पुढचे ऑलिम्पिक पदक भारताला २००८ साली सुशीलकुमारने बीजिंगमध्ये मिळवून दिले, तब्बल ५६ वर्षांनी. तेही लाल मातीच्या कोल्हापुरात आले नाही, ते दिल्लीच्या आखाड्यात गेले.

महाराष्ट्राला तर आणखी थांबावे लागले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी मराठी मातीत आलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि तेही पुन्हा कोल्हापूरकडचेच. फरक हा की स्वप्नील राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, रेल्वेच्या नोकरीने त्याला आधार दिला, आणि स्वतः ऑलिम्पिक खेळलेल्या दीपाली देशपांडे त्याच्या प्रशिक्षक होत्या. १९५२ साली जे एका घराला करावे लागले, त्याचा काही भाग आता व्यवस्था करते.

खर्डेकरांचे नाव आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आहे, वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयाला आहे. तिथे शिकणाऱ्या कितीतरी मुलांना हे नाव कुठल्या घरावरून ओळखायचे ते माहीत नसते. त्यांना ते सांगायला हवे. आणि प्रत्येक कॉलेजच्या व्यवस्थापनाने स्वतःला विचारायला हवे की वार्षिक स्पर्धेच्या यादीत नाव घालायला आलेल्या किरकोळ अंगाच्या मुलाचे म्हणणे आपल्याकडे कोण ऐकून घेते. घर गहाण टाकणारा शिक्षक दर पिढीत मिळणार नाही आणि त्याच्यावर तशी पाळी येऊही नये. पण ऐकून घेणारा प्राचार्य आणि मन लावून शिकवणारा क्रीडाशिक्षक एवढे तरी प्रत्येक कॉलेज देऊ शकते, आणि ते त्याने दिलेच पाहिजे.